गच्चीवरचे पीक आणि समुद्राची हवा

चेन्नईत घरी भाजी पिकवणाऱ्याची खरी अडचण जानेवारीत सुरू होते. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडून गेलेला असतो, रात्री या शहराच्या मानाने गार असतात आणि पाऊस ओसरताना लावलेली वांगी, टोमॅटो, मुळा, गवार, घेवडा आणि पालेभाज्या एकदम हाताशी येतात. चार माणसांच्या घरात इतके टोमॅटो संपत नाहीत. शेजारी देऊन होतात, फ्रीजचा खालचा कप्पा भरतो आणि आठवड्याभराने त्यातले निम्मे कचऱ्यात जाते. तिथून चार महिन्यांनी, कत्तिरीच्या, म्हणजे मे महिन्यातल्या, उन्हात त्याच कुंड्यांत कढीपत्ता, शेवगा आणि रानवांग्याच्या कुळातली सुंडैक्काय यांखेरीज फारसे काही तग धरत नाही. घरात भाजी नसते आणि बाजारातली महाग असते. गच्चीवर भाजी कशी पिकवावी हे सांगणारे साहित्य मराठीत चांगले आहे. पिकलेले कसे राखावे याविषयी, आणि तेही दमट किनाऱ्यावरच्या शहरात, एका जागी फारसे काही मिळत नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

चेन्नईत मराठी बोलणारी माणसे निरनिराळ्या काळांत आली. सतराव्या शतकात व्यंकोजींच्या मागोमाग तंजावरात स्थिरावलेल्या घराण्यांचे वंशज पुढे मद्रासेत आले. त्यांची मराठी वेगळी आणि स्वयंपाकघर जवळजवळ तमिळ. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्यांपैकी काहींनी सौकारपेठेत बस्तान बसवले. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुण्या-मुंबईकडून नोकरीसाठी आलेली तरुण कुटुंबे जुन्या महाबलिपुरम रस्त्यालगतच्या इमारतींत राहतात. या तिघांचीही बेगमीची कल्पना निराळी. आटपाडीकडची आजी कोहळ्याचे सांडगे दोन दिवसांत खडखडीत वाळवते आणि पत्र्याच्या डब्यात वर्षभर ठेवते. तेच सांडगे तिची सून सौकारपेठेतल्या गच्चीवर करते, तर तिसऱ्या आठवड्यात त्यांना बुरशी दिसते. हात तेच, प्रमाण तेच, कोहळाही तसाच. फरक हवेत आहे. माणदेशातली हवा कोरडी आणि इथली खारी, ओली. या पुस्तकाचे म्हणणे त्या फरकातून निघाले आहे: साठवणीची रीत ज्या हवेत जन्मली त्याच हवेत ती खात्रीची असते, म्हणून दुसऱ्या गावची रीत उचलण्यापूर्वी आपल्या गावची हवा समजून घ्यावी लागते.

आधी भाजीविषयी. खुडलेली भाजी मेलेली नसते; ती श्वास घेत राहते आणि आत साठवलेली साखर जाळत राहते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा श्वास साधारण दुप्पट ते तिप्पट वेगाने चालतो. म्हणून सकाळी सहाला तोडलेली भेंडी आणि दुपारी बाराला तोडलेली भेंडी, दोन्ही एकाच झाडाची असली तरी, टिकायला सारखी नसतात. दुपारची भेंडी उष्णता अंगात घेऊनच घरात येते. दुसरी गोष्ट पाण्याची. पालेभाजीच्या वजनातले पाच-दहा टक्के पाणी उडाले की ती मलूल होते. तिसरी गोष्ट दिसत नाही. पिकणारे टोमॅटो, केळी, आंबे यांतून एथिलीन नावाचा वायू सुटतो आणि शेजारी ठेवलेली पालेभाजी आणि काकडी त्याने पिवळी पडते. एका टोपलीत सगळे रचून ठेवण्याची आपली सवय दिसायला सुंदर, पण भाजीला घातक.

आणि फ्रीज. फ्रीज म्हणजे सुरक्षितता हा समज इतका पक्का आहे की त्याविषयी थोडे स्पष्ट लिहावे लागते. पालेभाजी, मुळा, गाजर, कोबी यांना थंडी मानवते. शून्याच्या जवळपासचे तापमान आणि भरपूर ओलावा मिळाला तर त्या आठवडेच्या आठवडे राहतात. पण वांगी, भेंडी, काकडी, भोपळी मिरची उष्ण प्रदेशातली. दहा अंशांच्या खाली ती आतून दुखावतात. वांग्याच्या सालीवर खळगे पडतात, गर तपकिरी होतो, भेंडीवर काळे डाग येतात. टोमॅटो बारा-तेरा अंशांच्या खाली ठेवला तर त्याचा सुगंध तयार करणारी यंत्रणाच मंदावते. घरच्या फ्रीजमधले तापमान चार अंशांच्या आसपास असते आणि बाहेर चेन्नईत तीसच्या वर. मधले बारा-चौदा अंश घरात कुठेच नसतात. युरोपातल्या शेतकऱ्याला ते तळघरात आयते मिळतात, कारण जमिनीखाली काही मीटरवर त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीइतके तापमान असते. चेन्नईची ती सरासरी २८ अंशांच्या पुढे जाते. इथे कितीही खोल खणले तरी गारवा लागत नाही. परदेशी पुस्तकांतली तळघराची प्रकरणे इथे निरुपयोगी ठरतात ती एवढ्या एका कारणाने.

थंडीची भूक या शहराला जुनी आहे. मरीना किनाऱ्यावरची विवेकानंद इल्लम ही गोलाकार इमारत मुळात बर्फाचे कोठार होती. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्युडरने १८४२ साली ती बांधली. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजाने तो मद्रासला उतरवला जाई. कृत्रिम बर्फ तयार होऊ लागल्यावर तो व्यापार बुडाला, इमारत बिळिगिरी अय्यंगार या वकिलांकडे गेली आणि १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तिथे झाला. अर्धे जग ओलांडून आणलेला तो बर्फ थोड्या श्रीमंत घरांपुरता होता. बाकीच्या मद्रासने आपले अन्न ऊन, मीठ, ताक, चिंच आणि तेल यांवरच राखले. मला त्या पद्धतींविषयी जो आदर आहे तो जुने ते सोने म्हणून नाही. ओल्या हवेत, बर्फाशिवाय, घरच्या थोड्या मालासाठी त्या घडल्या, आणि आज गच्चीवर बाग करणाऱ्याची अडचण नेमकी तीच आहे.

यातली मोर मिळगाय, म्हणजे ताकातली मिरची, हे उदाहरण मी मुद्दाम विस्ताराने घेतो. हिरव्या मिरचीला चीर देऊन ती मीठ घातलेल्या आंबट ताकात रात्रभर बुडवतात. सकाळी ताकातून काढून मोट्टैमाडीवर, म्हणजे मोकळ्या गच्चीवर, उन्हात पसरतात. संध्याकाळी पुन्हा त्याच ताकात. सगळे ताक मिरचीत जिरेपर्यंत हा क्रम चालतो आणि मग ती कडक वाळवतात. आपल्याकडची सांडगी मिरची मसाला भरून थेट उन्हात जाते. कोरड्या हवेत तेवढे पुरते. किनाऱ्यावर मात्र रात्र ही वाळवणाची वैरी. सूर्य मावळला की हवेतला ओलावा वाढतो, अर्धवट वाळलेल्या मिरचीच्या पोटात पाणी असतेच, आणि बुरशीला याहून चांगली जागा कुठली? ताकातले आम्ल आणि मीठ नेमके त्या रात्रीपुरते मिरचीचे रक्षण करतात. दिवसा ऊन आणि रात्री ताक, अशी ती पाळी आहे. मणत्तक्काळी, म्हणजे आपली कामोणी, आणि वाटाण्याएवढी सुंडैक्काय यांचे वत्तल, म्हणजे वाळवण, याच रीतीने होते. गवारीचेही अनेक घरांत असेच करतात.

घरच्या बागेला ही रीत आणखी एका कारणाने सोयीची आहे. जुनी पुस्तके पायलीच्या, मणाच्या हिशोबाने लिहिलेली. बाजारातून पोते आणायचे आणि एका दिवसात उरकायचे. बागेतून रोज मूठभर येते. पाच मिरच्या, ओंजळभर सुंडैक्काय, दोन कोवळी वांगी. ताकाच्या भांड्यात रोजची मूठ घालत जाता येते, मागची पुढच्या पायरीला जाते, नवी मागून येते. थोड्या थोड्या मालावर चालणारी साठवण हा या पुस्तकाचा कणा आहे आणि निवड करताना जिथे जिथे प्रश्न पडला तिथे तिथे मी या बाजूने कौल दिला आहे.

वाळवणाविषयी एक सूक्ष्म गोष्ट इथेच सांगतो, कारण ती कळली की पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते. अन्न टिकते ते त्यात पाणी किती आहे यावर नाही. जिवाणू-बुरशीला वापरता येईल असे मोकळे पाणी किती उरले यावर. मीठ आणि साखर पाणी बांधून ठेवतात, ऊन ते उडवते. शास्त्रज्ञ हे शून्य ते एक या मापावर मोजतात आणि ०.६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. पण मिठाचा एक स्वभाव आहे: हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढू लागते. चेन्नईत पावसाळ्यातच काय, एरवीही अनेक रात्री ही रेषा ओलांडली जाते. म्हणजे जे मीठ वाळवताना सोबती असते तेच साठवताना फितूर होते. आटपाडीच्या पत्र्याच्या डब्याने इथे भागत नाही. काचेची घट्ट झाकणाची बरणी, ती काठोकाठ भरलेली, आणि आडि महिन्यात (जुलै-ऑगस्ट) एकदा पुन्हा उन्हाचा फेर, एवढे पाळावे लागते. वाळवायची वेळही ठरलेली. चैत्र-वैशाखात सकाळी जमिनीवरून येणारा वारा कोरडा असतो, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तो ओला होतो. आठला पसरावे, चारच्या आत गोळा करावे. एप्रिल-मेमध्ये वाळवण आटपण्याची घाई महाराष्ट्रात जूनच्या पावसामुळे असते. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षाच्या सुमारे १४०० मिलिमीटरपैकी अर्ध्याहून जास्त त्या तीन महिन्यांत पडतो. चेन्नईकराला उन्हाळ्यानंतरही सवड मिळते, मात्र जुलैपासून संध्याकाळी अवचित येणाऱ्या सरींकडे डोळे लावून.

दुसरा मोठा पंथ खाराचा आणि आंबवण्याचा. इथली मावडु, म्हणजे बाळकैऱ्या, एरंडेलाचा हात फिरवून जाड्या मिठात ठेवतात. त्या आपल्याच पाण्यात सुरकुततात आणि वर्ष काढतात. लिंबाच्या कुळातल्या नार्त्तंगायच्या फोडी मीठ भरून वाळवतात, तापातल्या बेचव तोंडाला त्याच लागतात. आपल्याकडे कैरीचे लोणचे, लिंबाचे खारवलेले लोणचे, कोकणातली आमसुले, आंबोशी. थंड देशांत कोबी दोन-अडीच टक्के मिठात घालून अठरा-वीस अंशांवर तीन-चार आठवडे आंबवतात. ते प्रमाण तसेच इथे आणले तर तीसच्या पुढच्या उष्णतेत कोबी चार दिवसांत आंबट आणि लिबलिबीत होतो. इथे मीठ थोडे वाढवायचे, मुदत कमी करायची आणि आंबटपणा मनाजोगता आला की बरणी फ्रीजमध्ये हलवायची. फ्रीजचा मला वाटणारा सर्वांत चांगला उपयोग हाच: आंबवण थांबवणे.

साखरेच्या पंथावर, मुरांबे-साखरांब्यांवर, मी थोडेच लिहिले आहे. मराठी स्वयंपाकघराला त्याची शिकवणी नको, आणि भाजीच्या बागेत त्याला वाव कमी.

काच आणि उष्णता यांचा पंथ मात्र जपून हाताळायचा आहे. फ्रान्सच्या निकोला अपेर याने बाटलीत अन्न भरून, बूच लावून, उकळून टिकवण्याची रीत १८१० साली प्रसिद्ध केली. ती का टिकते हे पाश्चरने जंतूंचा उलगडा करेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे कळले ते असे, की ज्या अन्नाचा सामू ४.६ हून अधिक, म्हणजे जे पुरेसे आंबट नाही, त्यात बोट्युलिझमच्या जंतूचे बीज उकळत्या पाण्यातही तगते आणि बंद, हवा नसलेल्या बाटलीत विष तयार करते. त्या विषाला वास नसतो आणि चवही नसते. वाल, मका, भेंडी, गाजर नुसत्या पाण्यात बाटलीबंद करण्याची कृती म्हणूनच या पुस्तकात एकही नाही, आणि घरच्या प्रेशर कुकरवर ती करू नये असे मी आग्रहाने सांगतो. तेलात बुडवून बाहेर ठेवलेला कच्चा लसूण त्याच जातीचा धोका आहे. टोमॅटो या सीमारेषेवर उभा असतो. काही वाणांचा सामू ४.६ च्या वर जातो, म्हणून त्याच्या प्रत्येक बाटलीत लिंबाचा रस किंवा व्हिनेगर मोजून घालायचे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९५० पासून भारतीय फळा-भाज्यांवर जे काम केले, त्यामुळे हे ज्ञान आपल्या पदार्थांच्या भाषेत उपलब्ध झाले. त्याचे ऋण मोठे आहे.

मराठी लेखकांची परंपरा पाहायची तर तमिळ प्रदेशातच थांबावे लागते. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहलम्’ हा आहारावरचा संस्कृत ग्रंथ रचला. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय त्यांना होता. दुसऱ्या सर्फोजींच्या मुदपाकखान्याचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपला. छापील युगात लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मध्ये आले, कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये. या दोहोंच्या मधे, १९५१ साली, एस. मीनाक्षी अम्माळ यांचे ‘समैत्तु पार’ मद्रासेत प्रसिद्ध झाले आणि लग्न होऊन परगावी जाणाऱ्या तमिळ मुलींच्या सामानात वर्षानुवर्षे जात राहिले. बागेच्या बाजूने पाहिले तर श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने थोड्या जागेत, सूर्यप्रकाशाचा हिशोब ठेवून पीक घेण्याचा विचार महाराष्ट्रात रुजवला. स्वयंपाकाची पुस्तके बागेपाशी येत नाहीत आणि बागेची पुस्तके तोडणीपाशी थांबतात. मधली जी जागा मोकळी राहिली, तिथे हे पुस्तक उभे आहे.

आत्ताच याची गरज का? तमिळनाडू सरकारने २०१३ साली चेन्नई आणि कोइंबतूरसाठी ‘स्वतः करून पाहा’ या नावाने गच्चीवरच्या भाजीबागेचे संच सवलतीत द्यायला सुरुवात केली. पिशव्या, काथ्याचा भुसा, बिया असा तो संच. तेव्हापासून शहरात गच्च्या हिरव्या होत गेल्या. दुसरीकडे शहराने काय काय पाहिले ते आठवा. डिसेंबर २०१५ चा पूर, २०१६ चे वरदा वादळ, २०२३ चे मिचाँग. प्रत्येक वेळी कित्येक वस्त्यांत वीज दिवसेंदिवस नव्हती आणि फ्रीजमधले अन्न आधी गेले. मे २०२० मध्ये साथीमुळे कोयंबेडूचा घाऊक बाजारच बंद करून तिरुमळिसैला हलवावा लागला. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीपार गेल्यावर सरकारने चेन्नईतल्या रेशन दुकानांतून तो ६० रुपये किलोने विकला. जानेवारीत त्याच शहरातल्या गच्च्यांवर टोमॅटो सडत होते. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळावरम, पुळल, चेंबरम्बाक्कम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा भांडी विसळलेल्या पाण्यावर लोकांनी झाडे जगवली. अशा पाण्यावर वाढलेले फळ फेकणे मला सहन होत नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

पुस्तकाची मांडणी भाज्यांच्या नावांनी नाही; तमिळ महिन्यांच्या क्रमाने आहे. आडिमधल्या पेरणीपासून ती सुरू होते, कारण साठवण पेरणीतच ठरते. सगळी गवार एका दिवशी न लावता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. झाडावरच राखता येईल ते झाडावर राखावे. शेवगा, कढीपत्ता, लिंबू यांना झाडाइतकी चांगली कोठी नाही. कोहळा पूर्ण पिकू दिला, वरची पांढरी राख पुसली नाही आणि देठासकट दोरीत टांगला, तर तो विजेशिवाय कित्येक महिने राहतो. त्याच्यावरचे मेणच त्याचे वेष्टन. विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून केलेली शीतपेटी, जी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विकसित झाली, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उत्तम चालते. चेन्नईच्या ओल्या हवेत पाण्याची वाफच नीट होत नाही, म्हणून तिचा उपयोग कोरड्या पश्चिम वाऱ्याच्या दिवसांपुरता धरला आहे. गोठवण्याची कृती दिली आहे ती घेवडा, पालेभाजी, टोमॅटोच्या रसापुरती, आणि आधी दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवण्याचे कारण समजावून: भाजीतली विकरे थंडीत मंद होतात, पण थांबत नाहीत.

एक विनंती कृती वाचण्यापूर्वीच. कमलाबाईंनी वाटी-चमच्याची नेमकी मापे देऊन मराठी घरांना शिस्त लावली, तरी या पुस्तकात मिठाचे माप वाटीत दिलेले नाही. इथले जाडे कल्लुप्पु आणि पाकिटातले बारीक मीठ एकाच वाटीत भरले तर वजनात मोठा फरक पडतो, आणि खारात तो फरक बुरशी आणण्याइतका असतो. म्हणून मीठ सर्वत्र दर १०० ग्रॅम भाजीमागे ग्रॅममध्ये दिले आहे. स्वयंपाकघरात लहानसा काटा नसेल तर बरणीच्या आधी तो आणावा.